एकतिसावी खुंटी

मे महिन्यात बांध काही बोलत नाही.
सायखेड्याच्या खाली, गंगेच्या डाव्या अंगाला
तो उन्हात आडवा पडलेला,
पाठीवरच्या भेगांत माझी अख्खी पेन्सिल जाते.

आम्ही खुंट्या ठोकतो. पोलादी, हातभर लांब,
मीटरमीटरवर, अठ्ठेचाळीस.
प्रत्येकीच्या बुडाशी पेलाभर खारं पाणी,
नाहीतर कोरडी माती वीज आत घेत नाही,
उंबऱ्यावरच उभी ठेवते.
"एकोणिसावीला पाजलं का ताई?"
पुंजाबा गांगुर्डे घण टेकवून विचारतात.
मी विसरलेली असते.

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी.
दोन खुंट्यांतून प्रवाह सोडायचा,
मधल्या दोघींना विचारायचं, तुमच्यापर्यंत काय आलं?
ओली माती लगेच सांगून टाकते.
कोरडी अडून बसते.
आणि आत पोकळी असली
तर आकडा चढत जातो, चढत जातो,
मी केबल पुन्हा तपासते.

(ऑफिसात मला म्हणतात,
कुठंतरी पाणी मुरतंय म्हणत फिरणारी पोरगी.)

पुंजाबा तीस वर्षं ह्या बांधाचे चौकीदार.
रात्री चपला हातात घेऊन चालायचे,
पावलाला गार लागलं की थांबायचे,
बाहेरच्या पायथ्याला उतरून
कंदील खाली धरून झिरपा बघायचे.
निवळ असला तर असू द्या.
गढूळ आला
तर बांध आपल्या पोटातली माती
पाण्याच्या हाती बाहेर धाडतोय.
मग गाव उठवायचं.

दुपारी चिंचेखाली लॅपटॉप उघडला.
बांध दिसला कलिंगडाच्या फोडीसारखा कापलेला,
वर तांबडा, खाली फुगवट्याच्या पाण्यानं निळा.
एकतिसाव्या खुंटीखाली, दोन मीटरवर,
एक लालभडक ठिपका. कडा पसरलेल्या,
तरी चौकोनी.
माती अशी चौकोनी नसते.
मी म्हटलं, काहीतरी चुकलंय.

पुंजाबांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
"दार हाय ते."
"कुणाचं?"
"आमचं."

त्या वर्षी भोंगा वाजला तेव्हा
इथं घागरीएवढं भोक होतं.
कांद्याच्या गोण्या टाकल्या, गेल्या.
बाज टाकली, तीही गेली.
मग साळूबाईच म्हणाल्या, चौकट राहू द्या,
दार काढा.
आंब्याचं होतं. त्यांच्या बापानं घडवलेलं.
आडवं घातलं, आठ माणसं त्यावर उभी राहिली,
आणि वरून पाट्याच पाट्या माती, उजाडेपर्यंत.
"दोन साल घराला गोणपाट. कुत्री आत येऊन झोपायची."
एवढं सांगून ते हसले.

दार वाळवीनं कधीच खाल्लं असणार.
दाराच्या जागी आता दाराएवढी हवा,
आणि तिच्या खालच्या कडेला
नदीकडून आलेली
बोटभर निळी जीभ.

अहवालात 'कारण' असा एक रकाना असतो.
मी लिहिलं, जुनी दुरुस्ती.
वरून उत्तर आलं, काम पावसाळ्यानंतर घ्यावे.

म्हणून बाकीच्या खुंट्या उपटल्या
आणि एकतिसावीच्या आजूबाजूच्या आठ तशाच ठेवल्या,
पत्र्याच्या पेटीत एक सिमकार्ड.
आता जुलै. दिंडोरी रोडवरच्या खोलीत
दर तासाला माझा फोन थरथरतो.
दोनशे दहा. दोनशे आठ.
काल रात्री दोन वाजता एकशे एक्क्याण्णव.
मी पुंजाबांना फोन लावला.
एक घंटाही पुरती वाजली नाही.
मागं पाण्याचा आवाज, बेडकं, वारा.
"हितंच उभाय," म्हणाले,
"चपला काढून."

"मग?"

थोडा वेळ नुसता कंदील हलल्याची कुरकुर.
"निवळ हाय. अजून."

मी आकडा लिहून घेतला,
आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात
त्यांचे तिन्ही शब्द.