चोवीसावा तास

ट्रॉम्सोला जूनमध्ये सूर्य मावळत नाही.
घाण्याच्या बैलासारखा नुसता फिरत राहतो.
प्रयोगशाळेच्या पडद्यांना कपड्यांचे चिमटे लावून
मी हाताने रात्र करते आणि कामाला बसते.

काम साधं होतं. बर्फाखाली सोडायचा बोया,
त्याच्या पोटातली बॅटरी किती टिकेल, एवढंच.
धारा इतकी बारीक
की भरलेला सेल रिकामा व्हायला शंभरेक तास लागावेत.
मी लिहिलं: अडीच व्होल्टपर्यंत उतरव.
कुठे थांबायचं ते सांगितलं.
कधी, ते सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

रेघ निघाली, बरी चालली होती,
आणि चोवीसाव्या तासाला संपली.
तीन पूर्णांक नऊ व्होल्टवर,
पाऊण सेल शिल्लक असताना,
वाक्य अर्धं टाकून कुणी उठून जावं तशी.

मी जाळी बारीक केली. तापमान उणे दोनवर आणलं.
क्षार बदलला, द्रावण बदललं,
एका रात्री गणित सोडवायची रीतच बदलली.
चोवीस.
दर वेळी बरोब्बर चोवीस.
अकरा दिवस मी त्या बिचाऱ्या सेलवर संशय घेतला.

टोरग्रिम आमचा तंत्रज्ञ,
आधी मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा.
त्याच्या थंड कपाटात खरा सेल लावलेला होता,
तोच आकार, तीच धारा.
कॉफीचा मग माझ्याच कागदांवर ठेवून
तो बराच वेळ रेघेकडे बघत राहिला.
"तुझा मेला? माझा चौथा दिवस चाललाय."
मग मिशी पुसत,
"आणि इतक्या वेळेवर कुणी मरत नसतं."

आम्ही आत शिरलो, फाइलीमागून फाइल.
अगदी तळाशी मुकाट बसलेली एक ओळ:
मुदत दिली नसेल तर एक दिवस धरावा.
लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसणार.
त्याच्या ओळखीच्या बॅटऱ्या फोनमधल्या, गाड्यांमधल्या,
संध्याकाळपर्यंत दमणाऱ्या.
अख्खा दिवस म्हणजे त्याला
सढळ हाताने दिल्यासारखं वाटलं असेल.
इशाराही होता. पिवळा, एका ओळीचा.
मी तो रोज वर सरकवत होते.

मी लिहिलं: दोनशे तास.
रेघ चोवीसला पोचली, पुढे गेली,
आणि तिला काहीसुद्धा झालं नाही.
छत्तीस. साठ. ऐंशी.
मग गुडघ्यात वाकली
आणि चौऱ्याण्णवला खाली बसली.
टोरग्रिमचा सेल एक्याण्णवला थांबला.
मधले तीन तास कुठे गेले, ते अजून शोधायचंय.

घरी पोचले तेव्हा रात्रीचे अकरा,
बाबा सोफ्यावर घोरत होते
आणि योरुन खिडकीत, टक्क जागी.
"सूर्य आहे की अजून. का झोपायचं?"
"आठ वाजून गेले म्हणून."
"आठ कुणी ठरवले?"
सहा वर्षांची आहे, उत्तर घेतल्याशिवाय सोडत नाही.
मी आठवून पाहिलं. खरंच, कुणी?
घरात कधी कुणी काही बोललंच नव्हतं,
म्हणून आठ.

"बूट घाल," म्हटलं.
पायऱ्या उतरून आम्ही खाडीकडे निघालो.
फक्त दहा मिनिटं हं, असं जिभेवर आलं होतं.
गिळलं.