मिठाची सवय

राजाराम बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला
यसाबा भोई फेकजाळं उघडतो,
पाण्यावर क्षणभर गोल चाळण पडते.
वर येतात चिलाप्या.
बोटाएवढी ठेवायची, वीतभर सोडायची.
"हात वला कर आधी. कोरड्या हातानं खवलं जातं,
मग दोन दिसांत बुरशी धरती."

मागच्या दारात निळं पिंप.
उद्यमनगरात लेथवर मी सुतासुतानं लोखंड उतरवतो,
घरी मुठीमुठीनं मीठ चढवतो.
जाडं मीठ, सकाळी एक मूठ, निजायच्या आधी एक.
घाई केली की पोट वर.

शेजारच्या गौराक्का कुंपणावरून वाकल्या,
"लोणचं घालतासा व्हय जित्या माशांचं?"

आठव्या दिवशी जिभेवर थेंब घेतला.
समुद्र नव्हता अजून,
पण घाम होता.

रात्री पंप गाडीच्या बॅटरीला जोडला.
गगनबावड्याला चहा, झाकण काढून टॉर्च:
सात. सातही जागी.
करूळच्या वळणांवर पिंप डचमळत राहिलं
आणि मी पोटुशी बाई नेल्यासारखा ब्रेक मारत उतरलो.

विजयदुर्गच्या खाडीत बाबुली तांडेल हसला,
"घाटावरचो मासो खाऱ्यात जगतलो?"

गळ पाठीच्या पराच्या पुढं,
कण्याच्या वरून, कातडीतून.
ती पोहली पाहिजे. न हलणाऱ्याकडं तांबोशी बघत नाही.

मोठा मासा आला हे लहान मासा आधी सांगतो.
तंगूस बोटावर असतो,
त्यातून एकदम थरथर येते, बारीक, भराभर,
आणि मग
काहीच नाही.
तेवढ्या काहीच-नाहीत
मी सहा वेळा रीळ आवळलं.
दोन तांबोश्या. बाकीचे तुटले.

सातवीला कुणी शिवलं नाही.
दुपारपर्यंत खडकाभोवती फिरली, परत आली.
पक्कडीनं गळ काढताना हातावर शेपटी मारली तिनं.

"नदीत सोडू?" यसाबाला विचारलं.
"येकदम गोड्यात? मरंल की."

म्हणून आता उलटं चाललंय.
रोज दोन तांबे खारं काढायचं, दोन गोडं घालायचं.
तिच्या पाठीवर दोन टिंबं, शेजारी शेजारी.

"आता काय करतासा?" गौराक्का.
"मीठ काढतोय."
त्या बघत राहिल्या.
"नळाचं घालू नगा, औषध असतंय त्यात," म्हणाल्या
आणि घरात जाऊन
माठातला तांब्या भरून घेऊन आल्या.