सेकंदाला पन्नास

झोंडा वारा सुटलेला. मेंदोसात भर दुपारी दिवे लावले होते.
खिडकीच्या फटीत ओली फडकी कोंबली,
तरी यंत्राच्या कळांवर धूळच.

युलालिया द्राक्षमळ्यातून तशीच निघून आली,
नखांत अजून जांभळं. मांडीवर लिवेन, चार महिन्यांची.
मान टाकलेली, पापण्या अर्ध्यावर.
रडायला तोंड उघडते, आणि आवाज
शेजारच्या घरातून आल्यासारखा.
"सहा दिवस शी नाही," आई सांगते. परत सांगते.

मेंदूचा फोटो चांगला आलाय, पाठीतलं पाणी चांगलं.
नमुना काल विमानानं बुएनोस आयरेसला गेला,
उत्तर यायला दिवस लागतील.
श्वास तोवर थांबून राहील, याची हमी कोण देणार?

मी इलेक्ट्रोड चिकटवते.
तळहात एवढासा, की पट्टी दोनदा कापावी लागली.
मनगटापाशी एक झटका.
पडद्यावर उमटतं ते बुटकं, खुरटं.
तंतू शाबूत आहे, वेगही बरोबर.
निरोप दारापर्यंत पोचतो
आणि उंबऱ्यावरच बसून राहतो.

"आता वेगानं," डॉक्टर सालासार म्हणतात, "सेकंदाला पन्नास."

हे दुखतं. एकोणीस वर्षं करते आहे मी,
आणि कळ दाबण्याआधी आईकडे बघायचं टाळते.
आज तीच माझ्याकडे बघत होती.
"दुखेल तिला," म्हटलं.
"दुखू दे. एकदा नीट रडू दे."

पहिली रेघ बुटकी.
दुसरी तशीच. तिसरी
किंचित टाचा उंचावून,
मग दहावी, विसावी, चढतच गेल्या,
आत कुणीतरी अंधारात
कडी चाचपडत असल्यासारख्या.
शेवटची पहिलीच्या दुपटीहून उंच.

सालासार काही बोलले नाहीत.
चष्मा पुसला, फोनकडे गेले,
प्रतिविषाची कुपी कुठल्या शहरात आहे ते विचारायला.

आनंद व्हावा असं यात काय होतं?
विषाचं नाव कळलं, एवढंच.
"मध नाही दिला हो," युलालिया सांगत होती,
"बोटालासुद्धा नाही लावला."
मी मान हलवली. फटीतलं फडकं सुकून
तपकिरी झालं होतं.

लिवेन रडली. आवाज नाही आला,
तोंड मात्र पुरतं उघडलं होतं.
जेल पुसून मी तिच्या मुठीत बोट ठेवलं.
पकड नव्हतीच.
तरी ते काढून घ्यायला मला वेळ लागला.