बर्फाची जाडी

आवृत्ती गुरुवारी निघायची आहे.
तसं नोव्हेंबरातच लिहून ठेवलंय मी,
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर,
धाकट्याच्या दंतवैद्याच्या तारखेखाली.

आज सोमवार. जानेवारीत औलूला
उजाडायलाच साडेनऊ होतात.
खिडकीत तळहाताएवढा बोर्ड,
त्यावर नव्या जातीचा प्रोसेसर.
तुओवी किन्नुनेनने बेटावरून धाडलाय
लोकरीच्या मोज्यात गुंडाळून. सोबत चिठ्ठी :
"यावरही चालवून दाखवा तुमचा डेटाबेस.
इथे नऊ घरांत हीच यंत्रं आहेत, वीज कमी खातात.
आम्ही सील मोजतो.
मोजा परत पाठवलात तर बरं."

बत्तीसशे चाचण्या.
एकतीसशे नव्याण्णव हिरव्या.
एकच लाल होते, तीही मनात येईल तेव्हा,
तीनशे फेऱ्यांत एखादवेळी,
मी कॉफी ओतायला वळले की.

भानगड एवढीच :
एक जण ओळ लिहितो, मग निशाण वर करतो, झालं म्हणून.
दुसरा निशाण बघून धावत येतो
आणि त्याला जुनीच ओळ दिसते.
जुन्या यंत्रांवर असं होत नसे.
तिथे निशाण कधी ओळीच्या पुढे पळालं नाही.
वीस वर्षं आम्ही त्याला नियम समजत आलो.
तो नुसता त्या यंत्रांचा स्वभाव होता.

म्हणजे चूक बोर्डाची नाही.
चूक आमचीच, आणि आमच्याइतकीच जुनी.

अर्मास म्हणतो, थांबू या आठवडाभर.
त्याचा आठवडा मला माहीत आहे.
मागे एका प्रोसेसरसाठी असेच थांबलो
आणि सप्टेंबरची आवृत्ती एप्रिलात निघाली.
धक्क्याला थांबलेल्या होडीत
जो तो आपलं एखादं गाठोडं टाकून जातो.
होडी बुडत नाही, पण सुटतही नाही.

आणि तिकडे रीगाच्या रक्तपेढीत जिंत्रा
रोज रात्री अडीचला उठते,
बिघडलेला निर्देशांक हाताने पुन्हा बांधते,
मग झोप येत नाही म्हणून इस्त्री करत बसते.
तिची दुरुस्ती याच आवृत्तीत आहे.
डिसेंबरपासून तयार आहे.
तिला मी गुरुवार सांगितलाय.

संध्याकाळी तुओवीला फोन केला.
बोलायचं होतं एक, विचारलं भलतंच :
बर्फाचा रस्ता सुरू झाला का?
"कुठला! सकाळीच भोक पाडून पाहिलं,
चौदा सेंटिमीटर.
गाडी घालू नकोस. चालत आलीस तर
बन भाजून ठेवते."

फोन ठेवला आणि टिपणात लिहिलं :
नवा प्रोसेसर – चालत या, गाडी आणू नका.
स्वतःशीच हसले. मग खोडलं.
असल्या जागी कोरडंच लिहावं लागतं :
प्रायोगिक. महत्त्वाची माहिती यावर ठेवू नये.
अर्मासने वाचलं, मान हलवली
आणि घरी गेला, हातमोजे विसरून.

मसुदा तुओवीलाही पाठवला.
न पाठवणं जमलं नाही.
एकाहत्तर वर्षांची बाई, टेलिफोन एक्स्चेंजात हयात गेलेली,
तिचं उत्तर अर्ध्या तासात :

"गुरुवारी काढा, बरोबर आहे.
रक्ताला थांबवू नये.
पण एक सांग, आमचे सील
महत्त्वाचे नाहीत, हे कोणी ठरवलं?
मागच्या मार्चात दोनशे बारा होते.
त्याआधी तीनशेच्या वर."

रात्रीचे अकरा. उणे एकवीस.
गुरुवारचं सगळं बांधून तयार आहे,
त्या एका शब्दावर मात्र कर्सर लुकलुकतोय.
दुसरा शब्द सापडत नाही.
जो सापडतो तो खोटा तरी असतो,
नाहीतर लांबलचक.

मोजा धुऊन वाळत घातलाय.
बोर्ड खिडकीत आहे.
फेरी दोनशे एक्याऐंशी.
हिरवी.