कर्ता

सगुणा पासलकर पत्र घेऊन आल्या
वडगावातून चालत, भर उन्हात.
"सर, तुम्ही मराठीचे.
हे मराठीतच आहे म्हणतात. वाचून द्या."

महापालिकेचा शिक्का, जावक क्रमांक,
खाली कोंबडीनं पाय उमटवावा तशी सही.
मी मोठ्यानं वाचत गेलो.

चेंबरचे झाकण निखळले.
म्हणजे कर्ता झाकण. लोखंडाला पाय फुटले असणार.
सदर बाब निदर्शनास आली.
आपली आपण आली, चपला दारात काढून.
संबंधितांना सूचना देण्यात आल्या आहेत.
चौकशी करण्यात येईल.

दर ओळीला बाई विचारत, "म्हणजे कोणी?"

चौतीस वर्षं हेच तर शिकवलं मी.
क्रियापदाला 'कोण' विचारा, पोरांनो,
कर्ता ओ देतो.
इथं कोणी ओ देईना.
नवीन कर्मणी प्रयोग, एकेक वाक्य निर्दोष,
शुद्धलेखनाची एक चूक नाही.

पान उलटलं. शेवटून दुसऱ्या ओळीत
एकच सापडला, धडधडीत, तृतीया एकवचनी:
दुचाकीस्वाराने वेग आवरला नाही.

तो प्रणित. बावीस वर्षांचा.
धायरी फाट्याच्या अलीकडे, रात्री पावणेअकरा,
पाठीवर कोणाच्या तरी जेवणाची पेटी.
"आतली बिर्याणी सांडली नव्हती," बाई म्हणाल्या.
"पेटी न्यायला कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला.
तेवढा एकच आला."

मी सहीकडे पुन्हा पाहिलं.
'द'ची शेपटी ओळखीची वाटली.
देवदत्त. सातवी ब, खिडकीजवळचा बाक.
पेपरात लिहायचा, कर्ता: नाही.
मी अर्धा गुण कापून समासात लाल शाईनं लिहायचो,
नाही असं नसतं बाळ, अध्याहृत असतो.
असतो, पण सांगायचा नसतो.

पोरगं शिकलं.
माझ्या हातचं इतकं पक्कं
दुसरं कोणी शिकलं नसेल.

"उत्तर लिहू," मी म्हटलं.
चि. देवदत्त यास, लिहिलं. खोडलं.
मा. उपअभियंता साहेब, लिहिलं.
'साहेब' खोडलं. मग सगळंच खोडलं.

बाई कागदाकडे बघत होत्या,
अक्षर येत नसलेल्या माणसाच्या नेटानं.
"आधी प्रणितचं नाव घाला, सर.
तुम्ही एवढं वाचलंत,
त्यात कुठं ऐकू नाही आलं ते."