बटण सोडल्यावर

बटण दाबून धरायचं, काडी लावायची,
तीस आकडे मोजायचे, मग अंगठा उचलायचा.
उचलला की ज्योत विझते.
रविवारपासून हेच चाललंय.
साठ मोजले. शंभर मोजले.
एकोणतीसचा पाढा दोनदा म्हणून पाहिला,
अंगठ्याचं नख पांढरं पडलं.
सोडलं. फुप्.

महूच्या छावणीतल्या लिलावात घेतला होता हा,
सत्त्याऐंशी साली, टेम्पोत आडवा घालून.
गॅसवर चालणारा फ्रिज:
पाठीला आग आणि पोटात बर्फ.
मोटर नाही, पंखा नाही, घरघर नाही,
मागच्या पडवीत उभा असतो
न बोलणाऱ्या पाहुण्यासारखा.
स्वयंपाकघरात विजेचा आहेच, मुलाने आणलेला,
रात्रभर दात खातो.
पण मे महिन्यात लाइट गेली
की गल्लीतल्या तिघींची इन्सुलिन
डब्यांवर नावं लिहून माझ्याकडे येते.

मेकॅनिक म्हणाला, हे मी शिकलोच नाही.
भंगारवाला म्हणाला, मौसी, नऊशे.
हे म्हणाले, घे की नऊशे.

सायन्स कॉलेजच्या लॅबमध्ये
एकतीस वर्षं दुसऱ्यांचे प्रयोग मांडले मी.
मांडायचं, पुसायचं, कपाटात ठेवायचं.
रीडिंग मुलं घ्यायची.

फ्रिज भिंतीपासून ओढला.
मागे पाल, काजळी, आणि
हरवलेली म्हणून सबंध घराने शोधलेली
नंदेची कात्री.
बर्नरशेजारी तांब्याच्या नळीचं ते बोट.
ज्योतीत टोक धरून बसतं, तापतं,
चिमूटभर वीज करतं,
मुंगीलाही झटका बसायचा नाही एवढी,
आणि तेवढ्यावर गॅसची झडप उघडी राहते.
म्हणजे बिचारं यंत्र सारखं विचारत असतं,
जळतंय ना? जळतंय ना?
उत्तर आलं नाही की दार लावून घेतं.
आमचं बोट झिजून ज्वारीच्या दाण्याएवढं उरलेलं.
ज्योत होती. तिला सांगायला कोणी नव्हतं.

सियागंजात सहा दुकानं.
सातव्यात हकीमुद्दीनभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
जुनं बोट तळहातावर वजन केल्यासारखं धरलं.
"फ्रिजचं नाही मिळणार, ताई.
गिझरचं घेऊन जा. आग तीच आहे."
एकशे ऐंशी. आटे जुळतात का, तिथेच फिरवून पाहिलं.
दोन फेरे गेलं, तिसऱ्याला अडलं.
त्यांनी दुसरं काढलं. ते शेवटपर्यंत गेलं.

सिलिंडर बंद. खिडकी उघडी.
जेट सुईने टोचायचा नाही, भोक मोठं होतं;
स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला
वाटीत, दाताची कवळी ठेवतात तसा.
धुराड्यातून काजळी निघाली दोन मुठी.
नट आधी हाताने,
मग पान्याने पाव फेरा, जास्त नाही:
तांबं रुसतं.
जोडांवर साबणाचा फेस लावून बसले.
बुडबुडा आला नाही.
हे दारात उभे होते, चहा निवत होता.
म्हणाले, उडालो तर सगळे उडू.
मी म्हटलं, मग मागे सरा.

काडी. बटण.
एक, दोन, तीन.
तिसाला सोडवेना.
पस्तीस. चाळीस. बाहेर भाजीवाली
कोथिंबीर ओरडत पुढे निघून गेली.
सोडलं.

ज्योत जागची हलली नाही.
निळी, करंगळीच्या पेराएवढी.
मी अंगठा बराच वेळ तिथेच,
बटणाला न टेकता, धरून ठेवला.

याला गार व्हायला घाई नसते.
संध्याकाळी हात घातला, पडवीइतकाच उकाडा.
रात्री अकराला पुन्हा उघडलं:
वाटीतल्या पाण्यावर
साय धरली होती बर्फाची,
बोट लावताच मोडली.

सकाळी पहिला डबा आला. कुसुम राजवाडे, सकाळ-रात्र.

पडवीच्या कट्ट्यावर
एक वॉशर उरलाय.
फेस पुन्हा लावून पाहिला, बुडबुडा नाही.
कुठला असेल, विचार करतेय.