टेकण

शनिवार-रविवार आमच्या होडीत माणसं बसतात,
एरवी मासळी.
माणसांना पाठ टेकायला लागते.
मासळीला लागत नाही.
भांडण एवढंच होतं.

रोहित पक्षी बघायला येतात ट्रॉम्बेच्या धक्क्यावर,
दुर्बिणी, टोप्या, पाण्याच्या बाटल्या,
आणि तासाभरात कुणीतरी बाई विचारतेच,
"मागे काहीच नाही का हो?"
मागे खाडी असते.
पण ते उत्तर नव्हे, पैसे घेतल्यावर.

म्हणून मंडाळ्याच्या भंगारातून चार पाठी आणल्या,
मोडीत निघालेल्या शाळेच्या बसच्या.
हिरवं रेक्झिन, एकीवर कर्कटकाने कोरलेलं:
तेजल, सातवी ब.
सोळा बोल्ट ठोकले, फळ्यांतून आरपार.
रविवार सुखात गेला.

सोमवारी पाग फेकायला उभी राहिले,
हात मागे नेला, कमरेतून गिरकी घेतली
आणि शिशाच्या गोळ्यांसकट अख्खं जाळं
तेजलच्या खांद्याला अडकलं.
फाटलं ते दोन हात.
बाबा धक्क्यावर बसून बघत होते.
बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं.

सोळा बोल्ट काढायचे तर पाऊण तास,
आणि पाऊण तासात ओहोटी अशी उतरते
की धक्क्याखाली नुसता चिखल, त्यात निवट्या उड्या मारतात.
पुढे तर मिठाने नट असे धरले
की पान्याचंच तोंड झिजलं.

बाबांनी सागाच्या खुंट्या तासल्या, खाचेत बसतील अशा.
सुंदर होत्या. तीन दिवसांत फुगल्या.
"लाकूर पानी पितं, जागा सोर बोललेलो," म्हणाले,
जशा काही मीच तासल्या होत्या.

मग माझ्या पाठचा आला, मोरेश्वर.
चेंबूरला स्कूटर दुरुस्त करतो.
समुद्राला पाठ दाखवली, असं बाबा म्हणतात त्याच्याबद्दल,
तो समोर असतानाही.
त्याने ऐकलं, आणि नळीत नळी बसवली.
तळाला भोक, वाळू-पाणी निघून जायला.
आत ट्यूबची चकती, खडखड नको म्हणून.
आडवी पिन. पिनेला दोरी, दोरी फळीला.
"कारण तू पाडणारच," म्हणाला.

पिन ओढ, पाठ उचल.
चारही पाठी निघतात
बाबांची एक विडी संपायच्या आत.
मी मुद्दाम मोजलं.
त्यांनी मुद्दाम भरभर ओढली.

आता सोमवार ते शुक्रवार पाठी घरी असतात,
भिंतीला लावून ओळीने, बस गेलेल्या पोरींसारख्या.
बाबा तेजलला टेकून जाळं सांधतात.
आरामाचं विचारलं तर म्हणतात,
बघतोय, किती दिवस टिकतंय.

एका मंगळवारी गॅरेज बंद होतं.
मोरेश्वर म्हणाला, येऊ का.
होडी सपाट, नाळेपासून सुकाणूपर्यंत मोकळी,
पाग फेकताना आड येईल असं काही नाही.
मी चार-पाच वेळा फेकली. त्याने दोनदा,
दोन्ही वेळा ती नीट उघडली नाही.
त्यावर आम्ही काही बोललो नाही.

मग गळ सोडून बसलो, मी माहुलकडे तोंड करून,
तो पलीकडे.
ऊन चढलं. केव्हातरी त्याचा भार आला
माझ्या पाठीवर, आधी थोडा, मग सगळा.
झोप लागली होती त्याला.
माझ्या गळाला ओढ बसली, दोनदा.
मी हलले नाही.

किलोभर बोईट, तीन खेकडे, एक डाव्या पायाची चप्पल.
बाबांनी टोपलीत बघितलं आणि विचारलं,
"दोघं होता ना?"

परवा चौथी पिन पडली. दोरी कुजली होती.
तिथे सध्या एक चमचा आहे.
मोरेश्वरला सांगितलेलं नाही.
मंगळवारी येतोय.